स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये नेमकं बघायचं काय? एका मरिनर्सवाल्याच्या नजरेतून

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये गेल्या ऑक्टोबरपासून बेसबॉल बघणारे एकदम वाढलेत. आपल्या सिएटल मरिनर्स टीमच्या कॅल रॅलीने साठ होमरन मारले (बॉल थेट मैदानाबाहेर, क्रिकेटमधल्या सिक्ससारखं), टीम वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, दाराशी जाऊन परत आली, त्यामुळे ज्यांना स्ट्राइक आणि बॉल यातला फरक माहीत नव्हता ते पण आता मरिनर्सचे जर्सी घालून फिरतायत, चांगलंच आहे. पण फेब्रुवारी-मार्च आला की हीच मंडळी गोंधळतात. टीम हरली तरी जुने फॅन खूश, जिंकली तरी कुणाला काही पडलेली नाही, मॅच टाय झाली तर लोक टाळ्या वाजवून घरी जातात, आणि ज्याने होमरन मारला त्यालाच दुसऱ्या दिवशी खालच्या टीममध्ये पाठवलं अशी बातमी येते. हा काय प्रकार आहे ते जरा नीट सांगतो, आणि मध्ये मध्ये यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या, टीमबद्दल मला काय वाटतं ते पण.

आधी बेसिक. मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत आणि प्रत्येकीच्या सिझनमध्ये १६२ मॅच. त्याआधी साधारण सहा आठवडे सगळ्या टीम सराव आणि सराव-मॅचसाठी उबेच्या ठिकाणी जातात, हीच स्प्रिंग ट्रेनिंग, अर्ध्या म्हणजे १५ फ्लोरिडात आणि १५ अ‍ॅरिझोनात. फ्लोरिडावाल्यांची ती ग्रेपफ्रूट लीग, अ‍ॅरिझोनावाल्यांची कॅक्टस लीग. आपले मरिनर्स फिनिक्सजवळच्या पिओरिया गावात असतात, तिथलं स्टेडियम १९९४ मध्ये उघडलं आणि ते सॅन डिएगो पाद्रेसबरोबर वाटून घेतलेलं आहे, एक दिवस यांची मॅच तर दुसऱ्या दिवशी त्यांची. अ‍ॅरिझोनात सगळी स्टेडियम फिनिक्सच्या आजूबाजूलाच, त्यामुळे सकाळी एक प्रॅक्टिस, दुपारी दुसऱ्या टीमची मॅच, संध्याकाळी तिसरी असं आरामात जमतं. आउटफिल्डच्या मागे गवताचा उतार असतो, तिथे चादर टाकून लोळत मॅच बघायची, सनस्क्रीन मात्र विसरायचं नाही, मार्चमधलं तिथलं ऊन फसवं असतं.

सगळ्यात आधी पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (हिटरच्या मागे बसून तो झेलणारे) येतात, बाकीचे त्यांच्यानंतर काही दिवसांनी. यामागे साधं कारण आहे, सहा आठवडे लागतात ते मुख्यतः पिचरच्या हातासाठी. हिटर लोकांना विचाराल तर बरेचजण सांगतील की तीन आठवडे पुरे. पण ताशी ९५-९६ मैलांनी बॉल फेकणारा खांदा आणि कोपर एकदम गरम होत नाही. आधी नुसतं बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या वॉर्म-अपच्या जागेत, कॅचरला फेकायचं, मग आपल्याच टीमच्या हिटरसमोर, मग मॅचमध्ये नऊपैकी एक-दोन इनिंग, मग तीन, मग चार, असं करत मार्च संपेपर्यंत ऐंशीएक पिचपर्यंत पोचायचं. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात आपला पिचर लोगन गिल्बर्ट दोन इनिंग टाकून बाहेर गेला तर त्याला काही झालेलं नाही, त्या दिवसाचं काम संपलं एवढंच. नंतर तोच माणूस बुलपेनमध्ये जाऊन उरलेले दहा-पंधरा पिच टाकून येतो, टीव्हीवर ते दिसत नाही.

आता स्कोअरचा मुद्दा. मार्चमधला स्कोअर निरर्थक असतो हे लोक नुसतं म्हणत नाहीत, त्याला कारणं आहेत. पहिलं म्हणजे मोठे खेळाडू तीन-चार-पाच इनिंग खेळून आंघोळ करून गाडीत बसलेले असतात, आणि पुढची मॅच खेळतात ७०, ८०, ९० नंबरवाली पोरं ज्यांच्या जर्सीवर कधीकधी नावसुद्धा नसतं. त्यामुळे आठव्या इनिंगमध्ये आपल्या टीमने सहा रन खाल्ले तरी ते सहा रन ज्याने खाल्ले तो बहुतेक जूनमध्ये कुठल्यातरी छोट्या गावात डबल-ए, म्हणजे मेजरच्या दोन पायऱ्या खालची लीग, खेळत असणार. दुसरं, पिचर जिंकायला आलेलाच नसतो. तो आज फक्त नवीन चेंजअप (फसवा हळू बॉल) टाकून बघणार असं ठरवून आलेला असतो, हिटरला ते कळलं आणि त्याने बॉल पार्किंगमध्ये भिरकावला तरी हा तेच टाकणार, कारण काम ते आहे. तिसरं, नियमच सैल असतात, पिचर दमला तर इनिंगच्या मध्ये बाहेर जाऊन पुढच्या इनिंगला तोच परत येऊ शकतो, जे खऱ्या सिझनमध्ये अजिबात चालत नाही. आणि चौथं, जे सिएटलवाल्यांनी तर पाठच करून ठेवावं, अ‍ॅरिझोनाची हवा. कोरडी, विरळ, बॉल लांब जातो आणि कर्व्हबॉल नीट वळत नाही. याउलट आपलं टी-मोबाइल पार्क समुद्राकाठचं, एप्रिलमध्ये गार आणि दमट, तिथे चांगला मारलेला बॉल वॉर्निंग ट्रॅकवर (कुंपणाच्या अलीकडच्या पट्ट्यावर) कॅच होतो, हिटरसाठी सगळ्यात वाईट मैदानांमध्ये त्याची गणना होते. म्हणजे पिओरियात धुलाई झालेला पिचर सिएटलमध्ये एकदम भारी दिसतो आणि पिओरियातला होमरन किंग इथे येऊन .२०० ची (दहा प्रयत्नांत जेमतेम दोन हिट) अ‍ॅव्हरेज काढत बसतो. दरवर्षी एखादा असा निघतो आणि दरवर्षी लोक त्याच्या नावाने रडतात, असो.

मग बघायचं काय? मी तरी तीन गोष्टी बघतो. पिचरचा वेग, वॉक किती दिले (चार बॉल चौकटीबाहेर टाकून हिटरला फुकट पहिला बेस), आणि हिटर कुठले बॉल सोडतोय. वेग खोटं बोलत नाही, गेल्या वर्षी ९६ ने टाकणारा माणूस मार्चच्या शेवटी ९३ वर अडकला असेल तर काहीतरी दुखतंय. २०२५ च्या मार्चमध्ये आपला पिचर जॉर्ज कर्बी याचा खांदा सुजला होता, तो सिझनच्या सुरुवातीलाच जखमींच्या यादीत गेला आणि मे महिन्यात परत आला. रिझल्ट बघत बसलेल्यांना धक्का, पण हातांवर नजर ठेवणाऱ्यांना कल्पना होती. हिटरचं तसंच, त्याने किती हिट मारले यापेक्षा स्ट्राइकझोनच्या (हिटरसमोरची काल्पनिक चौकट, आतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल) बाहेर वळत जाणाऱ्या स्लायडरवर बॅट फिरवतोय का रोखतोय हे बघा, ते मार्चमधलं वागणं बऱ्यापैकी एप्रिलमध्ये टिकतं.

आणि खरं सांगायचं तर मुख्य स्टेडियमपेक्षा मागची प्रॅक्टिसची मैदानं जास्त मजेशीर असतात. सकाळी लवकर गेलात तर दोरीपलीकडे तीन-चार फुटांवर खेळाडू असतात. पिचरची फील्डिंग प्रॅक्टिस नावाचा एक प्रकार असतो, टीव्हीवर कधी दाखवत नाहीत. पिचर माउंडवर उभा राहून खोटाखोटा पिच टाकतो, हातात बॉलच नसतो, कोच बॅटने बॉल पहिल्या बेसकडे मारतो, फर्स्ट बेसमन पुढे येऊन तो उचलतो आणि पिचरने तिरकं धावत जाऊन रेषेला समांतर वळून बेसवर पाय ठेवत बॉल घ्यायचा. परत. परत. परत. करोडोंमध्ये कमावणारी माणसं शाळेतल्या पोरांसारखी लाईनीत उभी राहून हे करत असतात, कुणाचा पाय बेसच्या मधोमध पडला तर कोच ओरडतो, कारण पाय कडेला पडायला पाहिजे नाहीतर धावणारा येऊन घोट्यावर आदळतो. ऑक्टोबरमधला एक आउट अशा कंटाळवाण्या सकाळींमधूनच येतो. याच मैदानांवर कधीकधी युनिफॉर्म घालून बॉल फेकाफेकी करणारा, सडसडीत, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस दिसतो, तो मरिनर्सचा जुना जपानी स्टार इचिरो. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, ३९४ पैकी ३९३ मतं मिळाली, तो एक मतदार कोण हे अजून कुणाला कळलेलं नाही, आणि हा माणूस अजूनही रोज स्ट्रेचिंग करतोय जणू संध्याकाळी मॅच आहे.

आता येऊ सगळ्यात किचकट भागाकडे, ज्याच्यामुळे होमरन मारणारा पोरगा खाली जातो. मार्चमधली खरी मॅच मैदानावर नाही, कागदावर चालते.

कॅम्पमध्ये सुरुवातीला साठ-सत्तर खेळाडू असतात. सिझनच्या पहिल्या दिवशी टीममध्ये फक्त २६ जण ठेवता येतात, त्यातले पिचर जास्तीत जास्त १३. या २६ च्या बाहेर एक मोठी यादी असते ४० जणांची. ४० मध्ये असलेला खेळाडूच मेजर लीगमध्ये खेळू शकतो, म्हणजे तो २६ मध्ये नसला तरी ४० मध्ये असला की हवं तेव्हा फोन करून बोलावता येतो. जे कॅम्पमध्ये आहेत पण ४० मध्येही नाहीत ते सगळे पाहुणे, त्यात दोन जाती. एक, विशीतली प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू, पोरं ज्यांना मोठ्यांबरोबर राहून शिकायला बोलावलंय. दुसरे, तिशी ओलांडलेले जुने खेळाडू, ज्यांना कुठे पक्कं कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही आणि आता मायनर लीगचं कॉन्ट्रॅक्ट सही करून एक शेवटचा चान्स घेऊन बघतायत. माझं लक्ष कायम या दुसऱ्यांकडे असतं. त्यांच्यातल्या अनुभवी लोकांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अशी सोय असते की सिझन सुरू व्हायच्या पाच दिवस आधीपर्यंत तुम्ही मला टीममध्ये घेतलं नाही तर मी मोकळा, दुसरीकडे जाणार. म्हणून मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम बातम्यांचा पाऊस पडतो.

पाहुण्यापैकी कुणाला घ्यायचं ठरवलं तर ४० मध्ये जागा करावी लागते, म्हणजे कुणालातरी काढावं लागतं. आणि इथे येतात ऑप्शन. ४० मधल्या खेळाडूला टीम तीन वर्षं खालच्या लीगमध्ये पाठवू शकते, त्याची परवानगी न विचारता, आणि एका सिझनमध्ये पाच वेळा. त्या तीन वर्षांना ऑप्शन म्हणतात. एकदा खाली पाठवला की पिचरला साधारण १५ दिवस आणि हिटरला १० दिवस तिथे राहावं लागतं, वर कुणी जखमी झाला तरच लवकर बोलावता येतं. तीन ऑप्शन संपले की मग त्याला खाली पाठवण्याआधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या २९ टीमना विचारायचं की हा कुणाला हवाय का, आणि कुणी हात वर केला तर तो गेला, बदल्यात काही नाही. आता समजा बुलपेनमधल्या (मॅचच्या मध्ये येऊन टाकणाऱ्या पिचरच्या) शेवटच्या जागेसाठी दोघं आहेत. एकाने मार्चमध्ये एकही रन दिला नाही पण त्याचे ऑप्शन शिल्लक आहेत, दुसऱ्याने बऱ्यापैकी मार खाल्लाय पण ऑप्शन संपलेत. टीम कुणाला ठेवणार? दुसऱ्याला, दहापैकी आठ वेळा. कारण पहिला टॅकोमात सुरक्षित आहे आणि दोघंही आपल्याकडेच राहतात. टॅकोमा म्हणजे मरिनर्सची ट्रिपल-ए, मेजरच्या लगेच खालची, टीम, आय-फाइव्हवरून तासाभराचं ट्रॅफिक, त्यामुळे इथले पिचर सिझनभर वर-खाली करत असतात. टॅलेंटवर अन्याय वगैरे म्हणून लोक चिडतात, पण डोकं शांत ठेवून बघितलं तर खेळाडूंचे निर्णय घेणाऱ्या जेरी डिपोटोच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी हेच केलं असतं.

याच्यापुढचा प्रकार मात्र मला अजिबात पटत नाही, तो म्हणजे सर्व्हिस टाइम. खेळाडू मेजर लीगमध्ये जितके दिवस असतो ते मोजले जातात, १७२ दिवस झाले की एक वर्ष. अशी सहा वर्षं झाली की तो फ्री एजंट, कुठेही जाऊ शकतो, तोपर्यंत टीमच्या ताब्यात, आणि पहिली तीन वर्षं तर बहुतेक किमान पगाराच्या आसपासच, २०२६ मध्ये तो ७,८०,००० डॉलर आहे. आपल्याला मोठा वाटतो, पण त्यांच्या बाजारात काहीच नाही. सिझन १८५ दिवसांच्या थोडा वर असतो. म्हणजे एखाद्या जबरदस्त पोराला सुरुवातीचे दोन-अडीच आठवडे खाली ठेवलं की त्याचे १७२ दिवस भरत नाहीत आणि टीमला तो फुकटात एक जास्तीचं वर्ष मिळतो. शिकागो कब्सनी २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला असंच केलं, त्या स्प्रिंगमध्ये त्याने नऊ होमरन मारले होते, तरी खाली पाठवला, कारण सांगितलं फील्डिंग सुधारायचीय, आणि १७ एप्रिलला वर आणला. वर्षाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्याने तक्रार केली, निकाल लागला २०२० मध्ये, हरला.

आणि आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत मरिनर्सचे तेव्हाचे प्रेसिडेंट केव्हिन मॅथर एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मोकळेपणाने बोलून गेले की जॅरेड केलेनिक आणि लोगन गिल्बर्टला सुरुवातीला आणणार नाही, व्हिडिओ बाहेर आला, बोंबाबोंब झाली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. सगळ्या टीम जे करतात ते यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, वर परदेशी खेळाडूंच्या इंग्रजीवरही टोमणे मारले. ते दोघं पोरं मग एकाच दिवशी, १३ मे ला, वर आली. पुढच्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या नव्या करारात याच्यावर एक उतारा काढला गेला, मोठ्या प्रॉस्पेक्टला पहिल्या दिवसापासून टीममध्ये ठेवला आणि तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला तर टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं निवडण्याच्या वार्षिक फेरीत, एक जास्तीचा पिक बक्षीस. आणि गंमत बघा, हे बक्षीस सगळ्यात पहिल्यांदा मिळालं ते मरिनर्सनाच, हूलिओ रॉड्रिगेझमुळे. २०२२ च्या स्प्रिंगमध्ये एकवीस वर्षांच्या हूलिओला त्यांनी सरळ सेंटर फील्डमध्ये उभा केला, तो रूकी ऑफ द इयर झाला, आणि २०२३ मध्ये टीमला २९ वा पिक मिळाला.

यंदा आणखी एक नवीन गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या कारण आता खऱ्या सिझनमध्ये पण असणार आहे. स्ट्राइक की बॉल हे आतापर्यंत प्लेटमागचा अंपायर म्हणेल तेच. आता कॅमेऱ्यांची सिस्टिम आलीये आणि खेळाडू चॅलेंज करू शकतात, आपल्या डीआरएससारखंच धरा, प्रत्येक टीमला दोन, बरोबर निघालं तर चॅलेंज शिल्लक राहतं. चॅलेंज फक्त हिटर, पिचर किंवा कॅचरच करू शकतो, तेही लगेच, डोक्यावरच्या टोपीला किंवा हेल्मेटला टपली मारून, डगआउटकडे बघून विचारायचं नाही. गेल्या स्प्रिंगमध्ये याची चाचणी झाली होती. माझं मत असं की पिचरने याच्या नादाला लागूच नये, प्रत्येक पिचरला आपला प्रत्येक पिच स्ट्राइकच वाटतो, हे काम कॅचरचं. आणि तिथे आपल्याकडे कॅल रॅली आहे, ज्याचं अख्खं आयुष्य त्या चौकटीच्या कडा चोरण्यात, म्हणजे कडेचा बॉल अंपायरला स्ट्राइक वाटेल असा झेलण्यात, गेलंय. वाईट एवढंच की यंदा मार्चमध्येच वर्ल्ड बेसबॉल क्लासिक आहे, कॅल अमेरिकेकडून, हूलिओ डॉमिनिकनकडून, त्यामुळे कॅम्प मध्येच अर्धा रिकामा होतो आणि पाडव्याच्या आसपास कुठे सगळे परत एकत्र दिसतात. फॅन म्हणून मला ती स्पर्धा आवडते, पण देशासाठी मार्चमध्येच पूर्ण ताकदीने खेळताना कुणाचं तरी हॅमस्ट्रिंग जाईल ही धाकधूक असतेच.

आता आशा. मरिनर्स १९७७ पासून आहेत आणि ३० टीममध्ये वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेली ही एकमेव टीम आहे. २००१ मध्ये ११६ मॅच जिंकून विक्रमाची बरोबरी केली तरी नाही. मग २१ वर्षं प्लेऑफसुद्धा नाही. २०२५ मध्ये ९० मॅच जिंकून २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकली, प्लेऑफमध्ये (सिझननंतरच्या बाद फेऱ्यांत) आधी डेट्रॉइटला पाचव्या मॅचमध्ये १५ इनिंगनंतर हॉर्हे पोलांकोच्या हिटवर हरवलं, पुढच्या फेरीत टोरांटोत पहिल्या दोन मॅच जिंकल्या, आणि सातव्या मॅचमध्ये ३-१ ने पुढे असताना सातव्या इनिंगमध्ये टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनांचा होमरन मारला. ४-३, हरलो. शेवटच्या इनिंगचा आपला हुकमी पिचर आंद्रेस मुन्योझला तेव्हा का आणलं नाही यावर इथे अजून पॉटलकमध्ये भांडणं होतात, माझ्या मते आणायलाच हवा होता, मॅनेजर डॅन विल्सन कितीही सज्जन माणूस असला तरी.

पोलांको हिवाळ्यात न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, फर्स्ट बेसमन जॉश नेलरला मात्र पाच वर्षांसाठी थांबवून घेतलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम झालं. कॅलकडून परत ६० ची अपेक्षा करणाऱ्यांनी जरा भानावर यावं, कॅचरचा आधीचा विक्रम ४८ होता आणि टीमचा विक्रम ग्रिफीचा ५६, असलं वर्ष एकदाच येतं, त्याने पस्तीस-चाळीस मारले तरी मी पेढे वाटेन. हूलिओची बॅट एप्रिलमध्ये थंड असते आणि जुलैनंतर पेटते, त्याने यंदा मे महिन्यापासूनच पेटावं. पण सगळं शेवटी पिचिंगवर येऊन थांबतं. गेल्या वर्षी कर्बी, गिल्बर्ट, ब्राइस मिलर आणि शेवटी ब्रायन वू, पाच स्टार्टरपैकी (मॅचची सुरुवात करणाऱ्या पिचरपैकी) चार जणांना कधी ना कधी काहीतरी झालं, आणि वू तर त्याआधी सलग २५ मॅचमध्ये सहा किंवा जास्त इनिंग टाकत होता. हे चौघं आणि लुइस कास्तियो एकाच वेळी धडधाकट असले तर अमेरिकन लीगमध्ये यांच्यासमोर उभं राहणारं कुणी नाही असं माझं ठाम मत आहे, म्हणून मी मार्चभर स्कोअर न बघता फक्त वेगाचे आकडे बघत बसतो.

आणि कोल्ट इमर्सन. वीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), २०२३ च्या ड्राफ्टमधला २२ वा पिक. सगळ्यांना त्याला पहिल्याच दिवशी टीममध्ये बघायचंय, आत्ताचा शॉर्टस्टॉप जे. पी. क्रॉफर्ड याचं कॉन्ट्रॅक्ट यंदाच संपतंय म्हणून तर जास्तच. मला विचाराल तर घाई नको, दोनेक महिने टॅकोमात पावसात खेळू दे, ट्रिपल-एच्या घाग पिचरचे वळणारे बॉल खाऊ दे. हे सर्व्हिस टाइमसाठी म्हणत नाहीये, शॉर्टस्टॉपची जागा आज रिकामी नाही म्हणून म्हणतोय. टॅकोमाची तिकिटं स्वस्त असतात, पार्किंगला मारामारी नसते, एखाद्या शनिवारी पोरांना घेऊन गेलात तर पहिल्या रांगेतून बघता येईल त्याला.